कीटो आहारातून दूधदुभते वगळताना: नवख्यांसाठी मार्गदर्शन

कीटो आहार, म्हणजे कर्बोदके अगदी कमी आणि स्निग्धांश भरपूर असलेला आहार, सुरू केला की धान्ये, डाळी, साखर, कंद आणि बहुतेक फळे ताटातून जातात, आणि त्यांची मोकळी झालेली जागा लोणी, साय, क्रीम, चीज आणि पनीर हे पदार्थ बघता बघता व्यापून टाकतात. त्यात वावगे काही नाही. या पदार्थांत स्निग्धांश भरपूर असतो, कर्बोदके कमी असतात, ते चवीला उत्तम लागतात आणि त्यांच्यासाठी फारसा स्वयंपाकही करावा लागत नाही. अडचण पुढे येते. कोणाचे पोट सतत फुगते, कोणाचे वजन उतरता उतरता थांबते, कोणाच्या रक्ततपासणीत एलडीएल कोलेस्टेरॉल वाढलेले दिसते, तर कोणाला प्राणिज दूध तत्त्व म्हणूनच नको असते. आणि मग दूधदुभते सोडायचे ठरल्यावर प्रश्न पडतो की लोणी, क्रीम आणि चीज काढून टाकल्यावर कीटोत उरते तरी काय?

बरेच काही उरते. मात्र ‘चीजऐवजी काय आणि क्रीमऐवजी काय’ अशी एकास एक बदल्यांची यादी शोधत बसण्याचा जो मार्ग बहुतेक नवखे लोक धरतात, तो फसवा आहे. कीटोच्या ताटात दूधदुभते एकाच वेळी पाच कामे करत असते: ते ऊर्जेसाठी स्निग्धांश पुरवते, प्रथिने देते, कॅल्शियम देते, मीठ देते आणि पदार्थाला दाटपणा व चव आणते. चीजसारखा दिसणारा एखादा शाकीय पदार्थ आणला तर यांपैकी फार तर एखादे काम होते आणि उरलेली चार तशीच पडून राहतात. म्हणून या लेखात पर्याय सुचवताना पदार्थ कशासारखा दिसतो यापेक्षा तो कोणते काम करतो याकडे लक्ष दिले आहे.

आधी वैद्यकीय बाजू पाहावी

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या घेणाऱ्यांची रक्तशर्करा कमी कर्बोदकांच्या आहारात धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. एसजीएलटी-२ गटातील औषधे घेणाऱ्यांना तर रक्तशर्करा फार वाढलेली नसतानाही कीटोअ‍ॅसिडोसिस (रक्तात कीटोन साचून ते धोकादायकरीत्या आम्लधर्मी होणे) होण्याचा धोका असतो, त्यामुळे अशांनी कीटो आहार डॉक्टरांशी बोलल्याशिवाय सुरूच करू नये. रक्तदाबाची औषधे घेणारे, मूत्रपिंडाचा, यकृताचा किंवा स्वादुपिंडाचा विकार असणारे, गर्भवती आणि स्तनपान करणाऱ्या स्त्रिया यांनाही हेच लागू आहे. अपस्मारासाठी वैद्यकीय देखरेखीखाली कीटो आहार चालू असेल, तर त्यातले क्रीम किंवा लोणी घरच्या घरी मुळीच बदलू नये; तिथे स्निग्धांश आणि इतर अन्नघटक यांचे गुणोत्तर ग्रॅममध्ये मोजून ठरवलेले असते आणि क्रीम हा त्या हिशेबाचाच भाग असतो. लहान मुलांच्या आहारातून दूध काढण्याचा निर्णयही बालरोगतज्ज्ञांवर सोपवावा.

दूधदुभते कशासाठी सोडायचे, हे ठरवावे

हे ठरवणे औपचारिकता वाटते, पण किती काटेकोर राहायचे ते सर्वस्वी यावरच अवलंबून असते, आणि पुष्कळ लोक विनाकारण गरजेपेक्षा जास्त गोष्टी सोडून बसतात.

लॅक्टोज न पचणे आणि दुधाची अ‍ॅलर्जी असणे या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत. लॅक्टोज ही दुधातली साखर आहे, ती पचवण्यासाठी लहान आतड्यात लॅक्टेज नावाचे विकर लागते, आणि जगातील बहुसंख्य माणसांमध्ये बालपणानंतर हे विकर कमी होत जाते. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात गेली की तिथले जिवाणू तिच्यापासून वायू तयार करतात. त्यातून पोट फुगणे, कळा येणे आणि जुलाब होणे ही लक्षणे साधारणपणे अर्ध्या ते दोन तासांत दिसू लागतात. हा त्रास मात्रेवर अवलंबून असतो. शंभर ग्रॅम दुधात सुमारे ५ ग्रॅम लॅक्टोज असते, घट्ट क्रीममध्ये सुमारे ३ ग्रॅम, लोण्यात अगदी थोडे, आणि बरेच महिने मुरवलेल्या कठीण चीजमध्ये व तुपात जवळजवळ नसतेच. त्यामुळे त्रास केवळ लॅक्टोजचा असेल, तर तूप आणि मुरलेले चीज ठेवून बाकीचे सोडले तरी अनेकांचे काम भागते. शंका असल्यास श्वासातील हायड्रोजनच्या चाचणीने याची खातरजमा करता येते.

अ‍ॅलर्जी ही दुधातील प्रथिनांविरुद्ध रोगप्रतिकारशक्तीने दिलेली प्रतिक्रिया असते. तिथे मात्रेचा हिशेब चालत नाही. अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे, श्वास लागणे अशी लक्षणे असतील तर तूपही सुरक्षित मानू नये, कारण त्यात प्रथिनांचे अंश राहू शकतात. म्हशीचे, शेळीचे किंवा मेंढीचे दूध हाही गाईच्या दुधाला पर्याय ठरत नाही, कारण या सर्व दुधांतील प्रथिनांत पुष्कळ साम्य असते.

वजन थांबले म्हणून सोडणाऱ्यांचे कारण बहुधा साधे असते. शंभर ग्रॅम कठीण चीजमध्ये सुमारे ४०० कॅलरी असतात आणि ते उभ्या उभ्या, मोजल्याशिवाय खाल्ले जाते. दुधातील व्हे प्रथिने इन्सुलिनचा स्राव वाढवतात हे खरे आहे, पण वजन थांबण्याचे खापर त्यावर फोडण्यापूर्वी चीज आणि क्रीम दिवसाला किती पोटात जाते ते एकदा तराजूवर मोजून पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. एलडीएल वाढल्यामुळे सोडणाऱ्यांनी लोण्याच्या जागी खोबरेल तेल आणू नये. त्यातही संपृक्त स्निग्धाम्ले भरपूर असतात आणि त्यानेही एलडीएल वाढते. त्यांच्यासाठी ऑलिव्ह तेल, अ‍ॅव्होकाडो, अक्रोड, बदाम आणि मासे हे पर्याय अधिक योग्य आहेत.

तीन-चार दिवसांची नोंद आणि हिशेब

काहीही सोडण्यापूर्वी आपण सध्या जे खात आहोत त्याची तीन-चार दिवस वजनासह नोंद करावी. हे काम कंटाळवाणे आहे, पण पुढचा सगळा बेत याच कागदावर उभा राहतो.

उदाहरणादाखल, १८०० कॅलरींचा आहार घेणाऱ्या आणि त्यातील ७० टक्के ऊर्जा स्निग्धांशातून मिळवणाऱ्या व्यक्तीला दिवसाला सुमारे १४० ग्रॅम स्निग्धांश लागतो. तिच्या नोंदीत रोज दोन मोठे चमचे लोणी, १०० मिलिलिटर घट्ट क्रीम आणि ६० ग्रॅम चेडर चीज असेल, तर लोण्यातून सुमारे २३ ग्रॅम, क्रीममधून ३६ आणि चीजमधून २० असा जवळपास ७९ ग्रॅम स्निग्धांश, म्हणजे अर्ध्याहून अधिक वाटा, दूधदुभत्यातूनच येत असतो. त्याच पदार्थांतून सुमारे ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम, १५ ते १७ ग्रॅम प्रथिने आणि एकट्या चीजमधून जवळजवळ एक ग्रॅम मीठही मिळत असते. एवढे सगळे एका दिवसात काढून टाकले आणि त्या जागी फक्त कोशिंबीर वाढली, तर दुसऱ्याच दिवशी भूक, थकवा आणि चिडचिड सुरू होते आणि ‘दुधाशिवाय कीटो जमतच नाही’ असा निष्कर्ष घाईने काढला जातो.

आता याच आकड्यांची दुसरी बाजू पाहू. दोन मोठे चमचे ऑलिव्ह तेल २७ ग्रॅम स्निग्धांश देते, १०० ग्रॅम अ‍ॅव्होकाडो १५ ग्रॅम, १०० मिलिलिटर घट्ट नारळाचे दूध सुमारे २१ आणि ३० ग्रॅम अक्रोड साडेएकोणीस. बेरीज ८२ ग्रॅमच्या पुढे जाते, आणि तंतू वजा केल्यावर उरणारी कर्बोदके सगळी मिळून सुमारे ७ ग्रॅम भरतात. प्रथिनांची जी थोडी तूट राहते ती एका-दोन अंड्यांनी भरून निघते. कॅल्शियम आणि मीठ मात्र या यादीतून मिळत नाही. त्यांचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

एका वेळी एकच बदल करावा

ज्यांनी अजून कीटो सुरूच केलेला नाही, त्यांनी कर्बोदके आणि दूधदुभते एकाच दिवशी बंद करू नये. पहिल्या आठवड्यात डोके दुखणे, गळून गेल्यासारखे वाटणे, पोट बिघडणे हे प्रकार कीटोमुळे होतातच, आणि दोन्ही बदल एकत्र केले तर कशामुळे काय झाले हे कधीच कळत नाही. आधी दोन-तीन आठवडे कीटोत स्थिर व्हावे आणि मग दूधदुभत्याकडे वळावे. याला अपवाद अर्थातच अ‍ॅलर्जी असणाऱ्यांचा. त्यांनी पहिल्या दिवसापासून दुधाविनाच सुरुवात करावी.

सोडण्याचा क्रमही ठरवून घ्यावा. सर्वांत आधी दूध, दही आणि गोड चवीची दह्याची उत्पादने काढावीत, कारण त्यांत लॅक्टोज तुलनेने जास्त असते आणि कीटोत त्यांना तशीही फारशी जागा नसते. त्यानंतर क्रीम आणि मऊ, ताजे चीज व पनीर, मग मुरलेले चीज आणि शेवटी लोणी. तूप ठेवायचे की तेही सोडायचे हे आधी ठरवलेल्या कारणावर अवलंबून राहील. प्रत्येक टप्प्याला तीन-चार दिवस द्यावेत आणि जुना पदार्थ काढण्याच्या आदल्या दिवशीच नवा पदार्थ घरात आणून ठेवावा.

स्निग्धांशाची सोय

हे पाच कामांतले सर्वांत सोपे काम आहे. परतण्यासाठी आणि तळण्यासाठी शुद्धीकृत अ‍ॅव्होकाडो तेल किंवा ऑलिव्ह तेल, खोबऱ्याची चव चालत असेल तिथे खोबरेल तेल, आणि कच्चे वरून घालण्यासाठी पहिल्या दाबाचे ऑलिव्ह तेल एवढे घरात असले की लोण्याची आठवण फारशी येत नाही. सुक्या मेव्यात मात्र निवड काळजीने करावी. शंभर ग्रॅममागे तंतू वजा करून उरणारी कर्बोदके पिकॅन आणि मॅकाडेमियामध्ये ४ ते ५ ग्रॅम, अक्रोडात सुमारे ७, बदामात सुमारे ९, तर काजूत तब्बल २७ ग्रॅम असतात. दुधाविना पाककृतींत क्रीमच्या जागी भिजवून वाटलेले काजू सर्रास सुचवलेले असतात. त्या पाककृती दुधाविना असल्या तरी कीटोच्या नसतात, हे नवख्यांनी पक्के ध्यानात ठेवावे.

अंड्याच्या बलकापासून घरी केलेले मेयोनेझ हा या आहारातला फार उपयोगी पदार्थ आहे आणि तो अनेकांना उगाचच दुधाचा वाटतो. एका बलकात चमचाभर मोहरीची पेस्ट, थोडा लिंबाचा रस आणि मीठ घालून ते एकजीव करावे, आणि त्यात तेल सुरुवातीला अक्षरशः थेंबाथेंबाने घालत सतत घोटत राहावे. मिश्रण पांढुरके होऊन भांड्याला चिकटू लागले की मग तेलाची बारीक धार धरली तरी चालते. घाईने तेल ओतले तर मिश्रण फुटते. तसे झाल्यास दुसऱ्या भांड्यात नवा बलक घेऊन फुटलेले मिश्रण त्यात चमच्या-चमच्याने घालत घोटले की ते पुन्हा जमून येते. एका बलकात दीडशे ते दोनशे मिलिलिटर तेल सहज सामावते. अंडे कच्चे राहत असल्याने ते ताजे किंवा पाश्चरीकृत असावे, मेयोनेझ फ्रीजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवावे, आणि गर्भवती स्त्रिया व प्रतिकारशक्ती कमी असलेल्या व्यक्तींनी पाश्चरीकृत अंड्याचेच घ्यावे.

दाटपणा, आणि कॉफीचा प्रश्न

क्रीमचे काम सर्वांत जवळून करते ते नारळाचे घट्ट दूध. डब्यातले नारळाचे दूध रात्रभर फ्रीजमध्ये ठेवले की वर घट्ट साय जमते आणि तळाशी पाणी राहते. ही साय चमच्याने काढून घेऊन फेटता येते किंवा रश्शात घालता येते. डब्यावरील घटकांत ग्वार गम किंवा दुसरे एखादे स्थिरक असेल तर साय नीट वेगळी होत नाही, म्हणून यासाठी फक्त नारळ आणि पाणी एवढेच घटक असलेला डबा निवडावा. रस्सा शिजवताना नारळाचे दूध शेवटी घालावे, मंद आचेवर ठेवावे आणि लिंबू किंवा व्हिनेगर आच बंद केल्यानंतर घालावे. खळखळून उकळी आली की ते फुटून तेल वर येते.

ज्यांना प्रत्येक पदार्थात नारळाची चव नको असते त्यांच्यासाठी आणखी दोन युक्त्या आहेत. मऊ शिजवलेला फ्लॉवर थोडे तेल आणि मीठ घालून मिक्सरमधून अगदी गुळगुळीत वाटला की सूप आणि रश्शाला उत्तम दाटपणा येतो. तसेच अंड्याचा बलक थोड्या गरम रश्शात आधी फेटून मग हळूहळू भांड्यात मिसळला तर क्रीमसारखा पोत मिळतो. त्यानंतर मात्र उकळी येऊ देऊ नये.

शाकीय दुधांबाबत बरीच गफलत होते. गोडी न घातलेल्या बदामाच्या दुधात कर्बोदके कपाला सुमारे एक ग्रॅम असतात, पण त्यात स्निग्धांश आणि प्रथिनेही नगण्यच असतात, म्हणजे ते पातळ पांढरे पाणी म्हणूनच वापरावे. गोडी नसलेल्या सोयाच्या दुधात कपाला सुमारे ७ ग्रॅम प्रथिने मिळतात आणि कर्बोदके ४ ग्रॅमच्या आसपास असतात. ओटचे आणि तांदळाचे दूध मात्र कीटोसाठी बाद आहे. ते तयार करताना धान्यातील पिष्ट विकरांनी तोडले जाते आणि त्यातून साखर बनते, त्यामुळे डब्यावर ‘साखर घातलेली नाही’ असे लिहिलेले असूनही कपाला पंधरा-वीस ग्रॅम कर्बोदके निघू शकतात.

कॉफीत लोणी घालून पिणाऱ्यांना त्या जागी नारळाची साय आणि एमसीटी तेल (मध्यम लांबीच्या साखळीच्या स्निग्धाम्लांचे तेल) वापरता येते. एमसीटी तेलाची सुरुवात एका लहान चमच्यानेच करावी आणि काही दिवस थांबून मात्रा वाढवावी. पहिल्याच दिवशी मोठा चमचा घेणाऱ्याला त्या दिवशी घराबाहेर पडणे अवघड होते. बदामाचे किंवा सोयाचे दूध कॉफीत फुटत असेल तर त्याचे कारण कॉफीतील आम्लता आणि उष्णता हे असते. दूध कोमट करून आधी पेल्यात घ्यावे आणि त्यावर किंचित निवलेली कॉफी हळूहळू ओतावी.

चीजची ओढ

दूधदुभते सोडणाऱ्यांपैकी बहुतेकांना खरी ओढ वाटते ती चीजची, कारण मुरलेल्या चीजमध्ये मीठ, स्निग्धता आणि ग्लुटामेटमुळे येणारी खमंग, रसदार चव या तिन्ही गोष्टी एकवटलेल्या असतात. बाजारात मिळणारी बहुतेक शाकीय चीजे खोबरेल तेल आणि बटाट्याचे किंवा टॅपिओकाचे पिष्ट यांपासून बनवलेली असतात. शंभर ग्रॅममागे २० ग्रॅमच्या आसपास कर्बोदके आणि जवळजवळ शून्य प्रथिने असा त्यांचा हिशेब पुष्कळदा निघतो. सणासमारंभाला तुकडाभर खाणे वेगळे, पण रोजच्या आहारात मी त्यांची शिफारस करणार नाही.

त्यापेक्षा ती चव सुटी सुटी मिळवावी. न्यूट्रिशनल यीस्टची (निष्क्रिय करून सुकवलेल्या खाद्य यीस्टची) पूड, भाजलेले मशरूम, सुकवलेले टोमॅटो थोड्या प्रमाणात, ऑलिव्ह, खारवलेले मासे, आणि शिजवून झाल्यावर वरून घातलेले चिमूटभर मीठ यांनी तीच तलफ बऱ्याच अंशी भागते. भाजलेल्या अक्रोडाचा जाडसर चुरा, यीस्टची पूड, लसूण आणि मीठ एकत्र करून ठेवले की किसलेल्या चीजसारखे ते कशावरही भुरभुरता येते. चीजच्या पिठापासून केलेल्या कीटो पिझ्झ्याच्या जागी बदामाचे पीठ, अंडे आणि इसबगोल यांची पोळी लाटावी; इसबगोलामुळे पिठाला चिकटपणा येतो आणि त्यातील कर्बोदके जवळजवळ सगळी तंतूच असतात. इसबगोल खाल्ल्यानंतर पाणी भरपूर प्यावे.

प्रथिने, आणि शाकाहारींची अडचण

मासे, मांस आणि अंडी खाणाऱ्यांना इथे फारसा प्रश्न येत नाही. अंडी खाणाऱ्या शाकाहारींनी अंडी आणि टोफू यांवर भर द्यावा.

अंडीही न खाणाऱ्यांसाठी मात्र दुधाविना कीटो हा खरोखर कठीण आहार आहे आणि तो सोपा असल्याचे भासवण्यात अर्थ नाही. डाळी आणि कडधान्ये हा प्रथिनांचा नेहमीचा आधार कर्बोदकांमुळे मर्यादित होतो. शंभर ग्रॅम शिजवलेल्या हरभऱ्यात तंतू वजा करूनही सुमारे २० ग्रॅम कर्बोदके उरतात, म्हणजे काटेकोर कीटोतला पूर्ण दिवसाचा वाटा एका वाटीतच संपतो. मग घट्ट टोफू, टेम्पे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी), भांगेच्या सोललेल्या बिया, भोपळ्याच्या बिया आणि सोयापासून किंवा वाटाण्यापासून केलेली साधी, गोडी नसलेली प्रथिनांची पूड एवढेच मुख्य पर्याय हाती राहतात. अशा व्यक्तींनी दिवसाला २० ग्रॅम कर्बोदकांचा हट्ट न धरता ५० ग्रॅमपर्यंतची सैल मर्यादा ठेवावी, आहारतज्ज्ञांकडून बेत तपासून घ्यावा, आणि ब-१२ जीवनसत्त्वाची गोळी नियमित घ्यावी. ही गोळी ऐच्छिक नाही. दूध, अंडी, मासे आणि मांस हे सारेच सुटल्यावर ब-१२ चा भरवशाचा नैसर्गिक स्रोत उरत नाही.

कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि आयोडीन

प्रौढांसाठी कॅल्शियमची दैनंदिन शिफारस साधारणपणे १००० मिलिग्रॅम धरली जाते. दूधदुभते गेल्यावर ही गरज आपोआप भागेल असे समजू नये, कारण कमतरतेची लक्षणे वर्षानुवर्षे दिसत नाहीत आणि शरीर तोवर हाडांतून कॅल्शियम काढत राहते.

काट्यांसह खाल्ल्या जाणाऱ्या डबाबंद सार्डिन माशांत शंभर ग्रॅमला सुमारे ३८० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. काटे काढून टाकले तर तो फायदाही जातो. टोफू घेताना तो कॅल्शियम सल्फेटने गोठवलेला आहे का हे घटकांत पाहावे, कारण दुसऱ्या क्षारांनी गोठवलेल्या टोफूत कॅल्शियम बरेच कमी असते. पालेभाज्यांमध्ये केल आणि कोबीवर्गातील इतर हिरव्या भाज्यांतले कॅल्शियम दुधापेक्षाही चांगले शोषले जाते, पण पालकात ऑक्झलेट भरपूर असल्यामुळे त्यातले जेमतेम ५ टक्के कॅल्शियम अंगी लागते. कागदावरचा आकडा मोठा दिसला तरी पालकावर विसंबू नये. न सोललेल्या तिळात शंभर ग्रॅमला जवळपास ९७५ मिलिग्रॅम कॅल्शियम असते, सोललेल्यात फारच कमी, आणि तीळ नीट वाटूनच खावेत. कॅल्शियम घातलेले बदामाचे किंवा सोयाचे दूधही चालते, मात्र ते कॅल्शियम डब्याच्या तळाशी बसते, म्हणून प्रत्येक वेळी डबा चांगला हलवून घ्यावा.

गोळी घ्यावी लागलीच तर एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅल्शियम घेऊ नये, कारण मोठी मात्रा नीट शोषली जात नाही. कार्बोनेट स्वरूपातील गोळी जेवणाबरोबर घ्यावी. सायट्रेट कधीही चालते. थायरॉइडसाठी लेव्होथायरॉक्सिन घेणाऱ्यांनी ते औषध आणि कॅल्शियम यांत किमान चार तासांचे अंतर ठेवावे. ड जीवनसत्त्वाची पातळी तपासून घेतलेली बरी, आणि आयोडीनसाठी स्वयंपाकात आयोडीनयुक्त मीठ वापरावे, कारण साध्या समुद्री मिठात ते पुरेसे नसते.

मिठाकडे दुर्लक्ष नको

कर्बोदके कमी झाली की इन्सुलिनची पातळी उतरते आणि मूत्रपिंडे सोडियम अधिक प्रमाणात बाहेर टाकू लागतात. चीज आणि खारे लोणी खाणाऱ्याची ही तूट नकळत भरून निघत असते. दूधदुभते बंद केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उभे राहताना चक्कर येणे, डोके जड होणे, पायात गोळे येणे असे काही सुरू झाले, तर त्याचा दोष दुधाच्या अभावाला देण्याआधी मीठ घातलेले कपभर गरम सूप पिऊन पाहावे. पोटॅशियमसाठी अ‍ॅव्होकाडो आणि पालेभाज्या, मॅग्नेशियमसाठी भोपळ्याच्या बिया आणि बदाम उपयोगी पडतात. उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मीठ किंवा पोटॅशियमची पूरके आपल्या मनाने वाढवू नयेत.

वेष्टनावरचा मजकूर वाचणे

केसीन, केसिनेट, व्हे, दुधाची भुकटी, दुग्ध घनपदार्थ, लॅक्टोज, लॅक्टअल्ब्युमिन, बटर ऑइल यांपैकी काहीही घटकांत असले तर तो पदार्थ दुधाचा समजावा. हे घटक सॉसेज, सूपची पाकिटे, मसाल्यांची तयार मिश्रणे, चॉकलेट आणि विशेषतः कीटोच्या नावाने विकल्या जाणाऱ्या वड्या व प्रथिनांच्या भुकट्या यांत हमखास आढळतात. कॉफीत घालायच्या काही भुकट्यांवर ‘दुग्धविरहित’ असे लिहिलेले असूनही घटकांत सोडियम केसिनेट असते, म्हणून पुढच्या बाजूचा ठळक मजकूर सोडून द्यावा आणि मागची बारीक अक्षरे वाचावीत. उलट कोको बटर, कॅल्शियम लॅक्टेट आणि नारळाची क्रीम ही नावे दचकवणारी असली तरी त्यांत दूध नसते. काही गोळ्यांमध्येही भरणद्रव्य म्हणून लॅक्टोज वापरलेले असते. लॅक्टोजचा त्रास असणाऱ्यांपैकी बहुतेकांना एवढ्या अल्प मात्रेने काही होत नाही, पण शंका असल्यास औषधविक्रेत्याला विचारावे आणि औषध परस्पर बंद करू नये.

कर्बोदकांचा आकडा वाचताना आणखी एक खाच आहे. काही देशांत वेष्टनावरील कर्बोदकांच्या आकड्यात तंतू धरलेले असतात आणि युरोपात ते वगळलेले असतात. आयात केलेल्या पदार्थावर तंतू दुसऱ्यांदा वजा केले तर हिशेब चुकतो.

बाहेर जेवताना साधे भाजलेले मांस, मासे, अंडी किंवा भाज्या मागवाव्यात आणि ते लोण्यात परतलेले नाहीत ना, हे आधीच विचारून घ्यावे. दाट रस्से, कुस्करलेल्या भाज्या आणि क्रीम सूप टाळलेले बरे.

परिणाम पाहणे आणि पदार्थ पुन्हा घेऊन बघणे

दूधदुभते पूर्ण बंद झाल्यानंतर तीन-चार आठवडे तसेच राहावे. लॅक्टोजमुळे होणारा पोटाचा त्रास काही दिवसांतच कमी झालेला जाणवतो. त्वचेतला फरक दिसायला अधिक वेळ लागतो, आणि एलडीएलची तपासणी दोन-तीन महिन्यांनी करावी. या काळात किटोसिस (शरीर ऊर्जेसाठी कीटोन वापरत असल्याची स्थिती) टिकून आहे का याची खात्री करायची असेल, तर रक्तातील बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट या कीटोनची पातळी लिटरला ०.५ मिलिमोल किंवा अधिक आहे का ते पाहावे; लघवीच्या पट्ट्या काही आठवड्यांनंतर फारशा विश्वासार्ह राहत नाहीत.

त्यानंतर, अ‍ॅलर्जी नसेल आणि इच्छा असेल तर, एकेक पदार्थ परत घेऊन पाहता येतो. क्रम सोडतानाच्या नेमका उलटा ठेवावा: आधी तूप, मग लोणी, मग मुरलेले कठीण चीज, त्यानंतर क्रीम, आणि शेवटी ताजे चीज, पनीर व दही. प्रत्येक पदार्थ सलग तीन दिवस नेहमीच्या मात्रेत खावा, त्या तीन दिवसांत दुसरे काहीही नवे खाऊ नये आणि पोट, त्वचा, झोप व वजन यांची नोंद ठेवावी. त्रास झाला तर तो पदार्थ थांबवून, लक्षणे पूर्ण गेल्यावरच पुढचा घ्यावा. तूप आणि लोणी निर्धोक ठरले आणि क्रीमपाशी पोट बिघडले, तर त्रास बहुधा लॅक्टोजचा असतो आणि क्रीमची मात्रा कमी करून किंवा लॅक्टोजविरहित क्रीम घेऊन पुन्हा एकदा पाहायला हरकत नाही. मुरलेल्या चीजलाच प्रतिक्रिया आली, तर त्यात लॅक्टोज जवळजवळ नसल्यामुळे कारण दुसरे असणार, आणि पुढचे पदार्थ घेऊन पाहण्याआधी ती नोंदवही डॉक्टरांना दाखवावी.